निळ्या दोऱ्याच्या जुड्या

शिव्या द्याल असं वाटलं होतं मला, काका. खरंच सांगते. येताना वाटेत मी उत्तरंसुद्धा जुळवून आले होते — तुम्ही असं म्हणालात तर मी असं म्हणेन, तुम्ही आवाज चढवलात तर मी गप्प राहीन — आणि तुम्ही काय केलंत, तर स्टूल पुढे सरकवलंत. आता यावर मी काय बोलायचं? बसते. बसते हो. तुम्ही बांधा तुमची खोकी, मी आड येत नाही. टेम्पो कधी येणारे? म्हणजे येतच असेल. बरं. मग मला भरभर बोलावं लागेल, आणि भरभर बोलायला लागले की मी काहीच्या बाही बोलते. आई म्हणतेच, हिला बोलताना श्वास घ्यायला कोणी शिकवलं नाही.

माझं सगळं असंच झालंय बघा — वाटलं एक, निघालं भलतंच. तिकडे शिकायला होते ना, तेव्हा आमच्या वर्गात भिंतीवर तिथल्या शहराचा एक मोठा नकाशा होता. जिथे चालत जाऊन ताजी भाजी मिळत नाही, ते भाग त्यावर राखाडी रंगवलेले. सर म्हणायचे, माणूस काय खातो हे तो ठरवत नाही, त्याची गल्ली ठरवते. मी तो नकाशा बघायचे आणि मला आपली वसाहत दिसायची — या ओळीने बांधलेल्या बैठ्या खोल्या, कोपऱ्यावर तुमचं दुकान, दुकानात दोरीला लटकणाऱ्या खाऊच्या पुड्यांच्या माळा, आणि बाजार पुलाच्या पलीकडे, बस बदलून. मला वाटायचं, किती सोपं आहे हे! भाजी इथे आणायची. बस्स. कोणी आणली नाही म्हणून कोणी खाल्ली नाही, एवढीच तर गोष्ट. मी तिकडच्या मुलांना सांगायचे की शिक्षण झालं की मी परत जाणार आणि हेच करणार, आणि ती टाळ्या वाजवायची. हसू नका. हसला नाहीत? मग हसा, हसण्यासारखंच आहे ते.

आणि चाललं होतं ना हो! तुम्ही समोरून बघतच होतात. पहाटेच्या बसने बाजारात जायचं, क्रेट घेऊन यायचे, पालेभाजीच्या जुड्या सोडून नीट निवडून पुन्हा बांधायच्या — निळ्या दोऱ्याने, लाँड्रीत चादरींच्या गठ्ठ्यांना लावतात तो, आई तुकडे आणून द्यायची — आणि तुमच्या दुकानासमोर भिंतीला टेबल लावून बसायचं. सुरुवातीला माशीसुद्धा फिरकली नाही. मग एकदम काय जादू झाली कोण जाणे — मला तेव्हा जादूच वाटली — संध्याकाळी लाँड्रीची शिफ्ट सुटली की बायका सरळ माझ्या टेबलाशी. एकेक जण जुडी उचलायची, वर म्हणायची, कालची भाजी काय गोड होती गं! गोड! पालेभाजी, गोड! तेव्हाच कळायला हवं होतं मला. पण नाही. माझ्याकडून जुडी घेतली की त्याच बायका रस्ता ओलांडून तुमच्याकडे जायच्या, तेही मला दिसायचं. मी म्हणायचे, साबण घेत असतील. काडेपेटी घेत असतील. माणसाला एखादी गोष्ट बघायचीच नसली ना काका, की एका वसाहतीला साबण किती लागतो बघा.

पण क्रेट रिकामे व्हायचे. रोज. म्हणून तर मी वसाहतीच्या कमिटीच्या अध्यक्षांना घेऊन आले. दाखवले त्यांना रिकामे क्रेट. म्हटलं, बघा, लोकांना हे हवंय. कोपऱ्यावरची खोली वसाहतीची आहे, तिथे पुड्यांच्या माळा कशाला, तिथे भाजी हवी — फळ्या हव्यात, थंड पेटी हवी. आणि मीटिंगमध्ये हात वर झाले. सगळ्या बायकांचे. आईचा सगळ्यात आधी. तुम्ही मागे बसला होतात. अध्यक्षांनी विचारलं, कोणाची हरकत? तर तुम्ही उठलात आणि चप्पल शोधायला लागलात. माझ्या मनात आलं, बघा, माणसाला स्वतःचीच लाज वाटतेय. असं आलं मनात माझ्या. आता मला विचारायचंय, तुम्ही बोलला का नाहीत? तुम्हाला तर सगळं समोरून दिसत होतं! एक वाक्य बोलायचं — या बायका हिची भाजी शिजवत नाहीत. एवढंच. का नाही बोललात?

बरं. नका सांगू.

काल सकाळी आई मलमाची डबी विसरली. दिवसभर सोड्याच्या पाण्यात हात असतात ना तिचे, बोटांच्या पेरांना चिरा पडतात, दुपारी मलम लावलं नाही तर चादरीची घडी धरवत नाही तिला. म्हणून डबी द्यायला गेले लाँड्रीवर. मागच्या फाटकापाशी तो म्हातारा वॉचमन बसतो, आणि त्याच्या शेळ्या. अशा तुकतुकीत शेळ्या काका, जाहिरातीत शोभतील. मी आपलं सहज विचारलं, काय खायला घालता हो यांना? झालं, म्हातारा खुलला. म्हणाला, 'मी कशाला घालतोय, यांना आपोआपच बरे दिवस आलेत! त्या वसाहतीतल्या बायका रोज कामावर येताना डब्याच्या पिशवीतून जुड्या आणतात. ताजी भाजी, तीही निवडलेली! तिथे कोणी पोरगी विकते म्हणे, फार शिकलेली आहे. तिचं मन मोडायला नको म्हणून घेतात बिचाऱ्या.' आणि हसला. मीपण हसले. काय करणार? एक शेळी माझ्याकडे बघत बघत चघळत होती, आणि तिच्या तोंडातून निळा दोरा लोंबत होता. मी तो ओढून काढला. वॉचमनला म्हटलं, दोरे आधी काढत जा, आतड्यात अडकतात. बघा ना — तेवढ्यातही मी शिकवूनच आले.

आईला डबी दिली? दिली. बोलले काही? नाही. आणि परतीच्या बसमध्ये माझ्या मनात पहिला विचार काय आला माहितीये — नको, ते राहू दे. तुम्ही तो दोर घट्ट करा, ते खोकं उघडतंय बघा बाजूने. मी धरू का? धरते. काय आहे यात? पाव? अहो, किती हलकं आहे! म्हणजे पोटात काय जात असेल बघा — माफ करा. सवय लागलीये. नाही, माफ नका करू खरंतर, कारण हे मी मागे घेणार नाही, काका. माझं बाकी सगळं चुकलं असेल, हे चुकलेलं नाही. शेजारच्या मावशीच्या नवऱ्याची साखर, तिच्या पोरांचे किडलेले दात, माझ्या आईचे संध्याकाळी सुजलेले पाय — तुमच्या या माळांमधूनच येतं ते. सकाळी चहात बिस्किट, रात्री नूडल्स, मधे ते लाल-पिवळं कुरकुरीत काहीतरी, नुसतं मीठ आणि तेल. आणि तुम्हाला ठाऊक आहे हे. तुम्ही मुकाट्याने विकता. मी निदान ओरडते तरी!

हो, ओरडते आणि काय होतं? सांगते काय होतं. काल संध्याकाळी तुम्ही नव्हतात. नवी जागा बघायला गेला होतात ना? शटर खाली होतं. लहानपणापासून मी तुमचं शटर संध्याकाळी खाली बघितलेलंच नाही. शिफ्ट सुटली, बायका आल्या, खांद्याला पिशव्या, आणि तुमच्या शटरसमोर उभ्या राहिल्या. एकीने कुलूप हलवून बघितलं. पोरं दारातून हाका मारतायत, आई काय आणलंस, आई काय आणलंस. आणि रस्त्याच्या या बाजूला मी, माझे भरलेले क्रेट, हिरवेगार. मला वाटलं, आता तरी. आता नाइलाजाने का होईना. तर त्यांनी मान वळवून आधी काय बघितलं असेल? भाजी नाही. मी बघतेय का, ते बघितलं. आणि मग एकेक करून आल्या आणि जुड्या घेतल्या. भूक लागलेली, घरात काही नाही, ते शिजवणार नाहीत हे त्यांना माहिती, मला माहिती — आणि तरी हसून जुड्या घेतल्या माझ्यासाठी! एक तर म्हणालीसुद्धा, 'आज काय ताजी दिसतेय गं!' मला वाटलं, रस्ता फाटावा आणि मी आत जावं.

राहवलं नाही मला. क्रेट उचलला आणि मावशीच्या मागोमाग तिच्या खोलीत शिरले. म्हटलं, मावशी, आज कर भाजी, मी बसते इथे. मला बघायचंय. ती म्हणाली, 'बस की, करते.' आणि पिंपाचं झाकण काढलं. तळाला तांब्याभर पाणी होतं, काका. तिने पाण्याकडे बघितलं, जुडीकडे बघितलं — देठांना ही एवढी माती — आणि मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही तिने, चढवला असता तर बरं झालं असतं. म्हणाली, 'ही तीन पाण्यांतून काढायची. शिजवायला वेगळं. भांडं घासायला वेगळं. मग याला गोळी घ्यायला कुठलं देऊ ते तू सांग. तुझ्या पुस्तकात असेल.' तिचा नवरा खाटेवर पडून ऐकत होता. 'त्या नूडल्सना वाटीभर लागतं,' म्हणाली, 'आणि ते पोटातच जातं, ओतून द्यायचं नसतं.'

नळाला पाणी येतं कधी? दुपारच्या आधी. तेव्हा बायका कुठे? लाँड्रीत, दुसऱ्यांच्या चादरी पाण्यात बुडवत. पोरं शाळेत. आमचं पिंप काठोकाठ असतं. का? कारण मी घरी असते, मी भरते. आणि नळावर गर्दी नसते म्हणून मला बरं वाटायचं हो! मी आईला सांगायचे, आपल्याकडे रांग नसते, तिकडे वाचलं होतं की रांगा असतात. रांगेत उभं राहायला माणूस शिल्लक नाही, हे डोक्यातच आलं नाही माझ्या. रंगवलेल्या त्या नकाशावर पाणीच नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, मग भर की सगळ्यांची पिंपं. काल मीही तेच म्हणाले मावशीला. तर म्हणाली, 'तुझं एक भरेपर्यंत धार करंगळीएवढी होते, बघितलंस कधी?' बघितलं नव्हतं. आपलं भरलं की मी निघून यायचे.

आणि तुमचं पिंप भरलेलं असतं, तुम्ही दिवसभर इथेच. म्हणून तर — हे मावशीनेच सांगितलं — आमचं घर सोडलं तर सगळ्या वसाहतीत माझी भाजी शिजवून कोणी खाल्ली असेल तर ती एका माणसाने. पुडीवाल्याने! रोज येऊन एक जुडी न्यायचात, मला वाटायचं टेहळणी करायला येतात. खरं का हो हे? खाल्लीत? कशी लागायची? नको, राहू दे, सांगू नका. तुम्हीही गोड म्हणालात तर मला सहन होणार नाही.

मावशी बोलत होती तेवढ्यात आई दारात. कामावरून येऊन पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती तिने. मावशीला म्हणाली, 'गप्प बस. ठरलं होतं ना आपलं?' ठरलं होतं! मी म्हटलं, काय ठरलं होतं? तो खाटेवरचा शेवटी बोलला — 'तुझी आई दारोदार फिरली गं. रोज एक जुडी घ्या, खाऊ नका हवं तर, पण घ्या. माझं एकच लेकरू आहे, ते परत जाईल.' आता हे कुठून आलं? माझ्याचकडून. सुरुवातीला भाजी कोणी घेईना ना, तेव्हा एकदा मी क्रेट लाथाडला होता आणि आईवर ओरडले होते — चाललं नाही तर मी जाते परत, तिकडे मला बोलावतायत. तुम्हाला म्हणून सांगते, कोणी बोलावत नव्हतं. आजही नाही. तिथे माझी जागा केव्हाच दुसऱ्या कोणीतरी घेतली. तोंडाला आलं ते बोलले मी, आणि तिने ते खरं धरलं. चिरा पडलेल्या हातांनी दारं वाजवत फिरली ती. एक जुडी शिजली की चिमूटभर होते, ती सगळी चिमूट माझ्या ताटात वाढायची आणि समोर बसून मी खाते ते बघायची. 'मी लाँड्रीतच खाल्लं,' म्हणायची. तुमच्याकडून काय न्यायची ती? खाली बघू नका, काका. बिस्किटंच ना? वाटलंच.

सकाळी उठले आणि तडक अध्यक्षांकडे गेले. सांगायला. खरंच सांगायला गेले होते — की ते क्रेट खोटे रिकामे होत होते, खोली काढून घेऊ नका. ते दाढी करत होते, अर्ध्या तोंडाला फेस. मला बघून म्हणाले, 'ये ये, तुझा अभिमान वाटतो आम्हाला. आपल्यातली एक तरी परत आली. कमिटीकडची चावी टेबलावर आहे बघ, घेऊन जा.' आणि मी — घेतली. ही बघा. घेतली आणि नमस्कार करून बाहेर पडले. म्हणजे सांगितलं असतं तर बायका खोट्या पडल्या असत्या, आई सगळ्यांसमोर खोटी पडली असती, हे आलं मनात, नाही असं नाही. पण ते नंतर आलं. रस्त्यावर आल्यावर. मगाशी बसमधला पहिला विचार सांगता सांगता थांबले ना, तो हाच होता — अध्यक्षांना कळायच्या आत चावी हातात यायला हवी. शेळीच्या तोंडातून दोरा काढून निघालेली मी, आणि विचार बायकांचा नाही, आईच्या हातांचा नाही. चावीचा! कुठून आलं हे माझ्यात? इथून गेले तेव्हा नव्हतं. की होतंच?

म्हणून आले तुमच्याकडे. धरा ही. घ्या ना, काका. तुमचं दुकान आहे. सोडा ते दोर, लावा परत माळा. अध्यक्षांचं मी बघते. आईचं नाव येऊ देणार नाही, म्हणेन मलाच झेपत नाही, पोरगी दमली म्हणेन — घ्या. नको? नको म्हणजे? भाड्याचं आहे का काही? मग? माझ्यावर राग आहे? तोही नाही? मग मान कशाला हलवताय नुसती!

हात वर झाले म्हणून?

अहो, ते माझ्यासाठी झाले, तुमच्या विरुद्ध नव्हते ते! कोणाच्याही मनात नव्हतं तसं. 'तेच तर लागलं'? असं काय म्हणता... हं. रोज संध्याकाळी ज्यांच्यासाठी उघडं ठेवलं, त्यांचे हात. पावसात, आजारपणात, घरचं माणूस गेलं तेव्हासुद्धा. हो. मला आठवतंय ते, मी लहान होते. आई म्हणाली होती, आज तरी बंद ठेवेल. आणि तुम्ही लाल डोळ्यांनी पाव देत होतात. म्हणजे त्या दिवशी मीटिंगमध्ये चप्पल शोधताना तुम्हाला — मला वाटलं होतं, तुम्हाला फक्त दुकानाचं पडलंय. मी कधी विचारच केला नाही की तुम्हाला नुसतं वाईट वाटलं असेल. साधं वाईट.

आला बघा टेम्पो. वळतोय. थांबा हो दोन मिनिटं, सांगा त्याला!

मग आज संध्याकाळचं काय? नाही, तुम्हाला नाही विचारत, तुम्ही मोकळे आहात, जा. मी मलाच विचारतेय. शिफ्ट सुटेल. बायका येतील. शटर खाली, पिंपात तांब्याभर पाणी, पोरं दारात. आणि मी टेबलावर हिरव्यागार जुड्या घेऊन बसेन, आणि त्या हसून एकेक घेतील, आणि उद्या शेळ्या खातील. रोज असंच? कुठवर? त्या काही थांबणार नाहीत. मी जाणार नाही असं आईला आज सांगेन, तरी त्या घेतील, त्यांना सवय झालीये माझं मन राखायची. आणि नळाचं काय करायचं ते मला कळत नाही. शपथेवर सांगते, मला काही कळत नाही त्याचं. कुठे अर्ज करायचा, कोणाच्या दारात बसायचं, किती वर्षं लागतील. तोवर संध्याकाळ तर रोज होणार.

ते खोकं खाली ठेवा.

ते हातातलं. नूडल्सचं. टेम्पोत नको. आणि ते बिस्किटांचंही, आणि पाव, पाव कशाला तिकडे नेताय, शिळे होतील. इथेच राहू दे. मला द्या. विकत द्या हो, फुकट कुठे मागतेय. असे बघू नका माझ्याकडे. मला माहितीये मी काय मागतेय ते, आणि मगाशी काय बोलले तेही माहितीये. त्यातला एक शब्द मागे घेतलेला नाही. पोरांचे दात अजून किडतील आणि आता ते माझ्या हातून किडतील, एवढं समजतं मला. पण पोटात काहीतरी जाऊन ती झोपतील आज. या माळा दोरीला कशा लावतात तेवढं दाखवा, खालून वर की वरून खाली? वरून. बरं. आणि हा पंखा असाच आवाज करतो का? करू दे.

माझं टेबल? ते उचलणार. आत्ता तुम्ही गेलात की लगेच, आई यायच्या आत.

जा तुम्ही. तो हॉर्न थांबवणार नाही तुम्ही बसल्याशिवाय. शिफ्ट सुटायच्या वेळी शटर वर असेल, मी आत असेन. पुडा देताना प्रत्येकीला तोंडावर सांगणार आहे की हे वाईट आहे, खाऊ नका — आणि देणार आहे. जा हो काका. जा आता.